समुद्रातली वहिवाट

अध्यक्ष महाराज आणि मित्रहो, पत्रिकेत विषय छापलाय 'फिलिपिन्सच्या नौदलाचं आधुनिकीकरण'. या व्याख्यानमालेत काल गझल झाली, उद्या मधुमेह आहे, आणि मध्ये फिलिपिन्स. तरी तुम्ही आलात. बाहेर पाऊस आहे, हे मी धरून चालतो. (हशा)

शेवटी वेळ पुरत नाही, म्हणून मुद्दा आधीच सांगून टाकतो. समुद्राच्या भांडणात छोट्या देशाला आरमार लागतं ते वहिवाट राखायला. ज्याचा बांधावरून चुलत्याशी दावा चाललाय, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. निकाल तुमच्या बाजूनं, सातबारा तुमच्या नावावर, आणि पेरतोय चुलता! फिलिपिन्सचं नेमकं तेच झालंय. 2013 मध्ये त्यांनी चीनविरुद्ध लवादाकडे धाव घेतली. 12 जुलै 2016 ला निकाल लागला, जवळजवळ सगळा त्यांच्यासारखा. दक्षिण चीन समुद्राच्या नकाशावर नऊ तुटक रेघा ओढून आतल्या पाण्यावर चीन जो ऐतिहासिक हक्क सांगतो, त्याला कायद्याचा आधार नाही, असं लवादानं स्वच्छ सांगितलं. चीननं निकाल मानलाच नाही. आता बजावणीला बेलिफ पाठवायचा कुठून?

माझी सगळी नोकरी जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेली, पुढे गोदीत जहाजं तपासण्यात. फिलिपिनो खलाशी मला घरच्यासारखे. आपले कोकणातले आणि त्यांचे, दोघांनाही मासे आणि भात मिळाला की तक्रार नाही. फरक एवढाच, की ते रोज संध्याकाळी कराओके लावतात आणि आपले लोक त्याविरुद्ध तक्रार करतात. असो.

तर, सात हजारांहून जास्त बेटांचा हा देश. पण आरमाराची काळजी त्यानं कित्येक वर्षं केलीच नाही, कारण सुबिकच्या उपसागरात अमेरिकेचा प्रचंड तळ होता. जून 1991 मध्ये पिनाटुबो ज्वालामुखी फुटला, तळावर राखेचे थर बसले. सप्टेंबरमध्ये त्यांच्या सिनेटनं 12 विरुद्ध 11 मतांनी तळाचा नवा करार फेटाळला. 1992 च्या अखेरीस अमेरिकन गेले. स्वाभिमानाच्या दृष्टीनं योग्यच झालं, पण राखणदाराला रजा दिली की कुंपण आपण घालायचं असतं, ते राहून गेलं. 1995 च्या सुरुवातीला फिलिपिन्सच्या पालावान बेटाच्या पश्चिमेला मिस्चिफ रीफ नावाच्या प्रवाळावर खांबांवर उभी केलेली बांधकामं दिसली. चीन म्हणाला, मच्छिमारांचा निवारा आहे. आज त्या निवाऱ्याला अडीच किलोमीटरहून लांब धावपट्टी आहे.

आता माझं लाडकं जहाज. आमची ही म्हणते, या जहाजाबद्दल तुम्ही माझ्या माहेरच्या माणसांपेक्षा जास्त बोलता. त्याचं नाव 'सिएरा माद्रे'. जन्म 1944, अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या इव्हान्सविल गावी. समुद्र तिथून शेकडो मैल लांब! ओहायो नदीच्या काठावर पूल बांधणाऱ्या एका कंपनीनं युद्धाच्या घाईत ते बांधलं. रणगाडे वाहायचं जहाज, लांबी शंभर मीटर, नाव नाही, नुसता नंबर, 821. ओकिनावाच्या लढाईत ते होतं. मग पडून राहिलं. पुढे 'हार्नेट काउंटी' नाव मिळालं आणि व्हिएतनाममध्ये मेकाँगच्या मुखाशी गस्ती होड्या आणि हेलिकॉप्टरांचा तरंगता तळ म्हणून त्यानं काम केलं. 1970 ला ते दक्षिण व्हिएतनामला दिलं, नवं नाव 'मी थो'. 1975 ला सायगाव पडलं तेव्हा पळून सुबिकला आलं, आणि 1976 ला फिलिपिन्सच्या पदरात पडलं. इतक्या सासरी नांदलेलं जहाज मी दुसरं पाहिलेलं नाही.

1999 च्या मे महिन्यात हे जहाज मिस्चिफ रीफच्या शेजारच्या प्रवाळावर चढलं. इंग्रजी नकाशात तो सेकंड थॉमस शोल, त्यांच्या भाषेत अयुंगिन. पालावानपासून सुमारे 195 किलोमीटर. फिलिपिन्सनं जाहीर केलं की अपघात झालाय, जहाज रुतलंय. आता माझ्यासारख्या माणसाला हे ऐकून हसू येतं. हा जहाजाचा प्रकारच मुळी किनाऱ्यावर चढवण्यासाठी काढलेला, तळ सपाट, पुढे दार. बदक पाण्यात पडल्याची पोलिसात वर्दी द्यावी, तसला तो अपघात! चीननं जहाज हलवा म्हणून तगादा लावला, यांनी दुरुस्तीचं निमित्त सांगितलं, आणि ते अजून तिथंच आहे.

याच वर्षाची दुसरी गोष्ट फार कुणी सांगत नाही. नोव्हेंबर 1999 मध्ये त्यांचंच 'बेंगेट' नावाचं असंच जहाज लुझॉन या त्यांच्या मुख्य बेटाच्या पश्चिमेला स्कारबरो शोल नावाच्या प्रवाळावर चढलं. तिथंही चीननं आरडाओरडा केला. हे जहाज मात्र त्यांनी त्याच महिन्यात ओढून काढलं. एका प्रवाळावर जहाज राहिलं, दुसऱ्यावरून काढलं. निकाल बघा. 2012 च्या एप्रिलमध्ये स्कारबरोला चिनी मासेमारी बोटी सापडल्या, आत मोठाले शिंपले आणि प्रवाळ भरलेलं. फिलिपिन्सनं आपली सगळ्यात मोठी युद्धनौका पाठवली. मध्ये चिनी सरकारी जहाजं येऊन उभी राहिली. दोन महिने डोळ्याला डोळा. जूनमध्ये खराब हवेमुळे फिलिपिन्सनं आपली जहाजं परत बोलावली. चिनी परत आले, ते स्कारबरोलाच. (हशा) तेव्हापासून तिथला ताबा त्यांचा. अयुंगिनवर मात्र अजून फिलिपिन्सचा झेंडा आहे, कारण तिथं मूठभर मरीन सैनिक त्या गंजलेल्या सांगाड्यात राहतात.

गंज म्हणजे किती? फोटोत बाजूच्या पत्र्यांना भगदाडं दिसतात, आतून आभाळ दिसतं. गोदीत असताना प्लेटची जाडी मोजून अशा जहाजाला मी एक फेरीसुद्धा मंजूर केली नसती. पण फिलिपिन्सनं त्याला नौदलातून कधी निवृत्त केलं नाही. कागदोपत्री ती सेवेतली युद्धनौका आहे, आणि तिच्यावर हल्ला झाला तर 1951 चा अमेरिकेबरोबरचा संरक्षण करार लागू होतो. म्हणजे चीनला तिथं गोळी झाडता येत नाही. मग उरते अडवणूक. त्या सैनिकांना तांदूळ आणि पाणी पोचवणाऱ्या लाकडी होड्यांवर पाण्याचे फवारे मारायचे, आडवं यायचं. चीनचा मोठा राग सिमेंट आणि पत्र्यावर, कारण डागडुजी झाली की वहिवाट लांबली. 17 जून 2024 ला तर चिनी तटरक्षक कुऱ्हाडी आणि सुरे घेऊन यांच्या रबरी होड्यांवर चढले, आणि एका नौसैनिकाचा अंगठा तुटला. एकविसाव्या शतकात दोन देशांचं आरमार कुऱ्हाडीनं भांडतंय! जुलैमध्ये मग रसद नेण्यापुरता तात्पुरता समझोता झाला.

अध्यक्षांना मी शब्द दिला होता की खांदेरी काढणार नाही. एका दमात काढतो. 1679 मध्ये मुंबईकर इंग्रजांच्या मोठ्या जहाजांनी खांदेरीला वेढा दिला, आणि थळच्या किनाऱ्यावरून आपल्या लहान होड्या रात्री त्यांच्या मधून निसटून बेटावर सामान पोचवत राहिल्या. बेट इंग्रजांना मिळालं नाही. काढून झालं.

ही चिठ्ठी आलीय. दहा मिनिटं. आणि आधुनिकीकरण अजून बंदरातच आहे!

भराभर सांगतो. आधुनिकीकरणाचा पहिला कायदा 1995 चा, मिस्चिफ रीफ गेल्यावर जाग येऊन केलेला. दोन वर्षांत आशियात आर्थिक संकट आलं आणि कायदा कागदावर राहिला. परिस्थिती अशी, की 1943 साली बांधलेलं 'राजा हुमाबोन' हे जहाज, जे अमेरिकेनं वापरलं, मग जपाननं वापरलं, ते 2018 पर्यंत सेवेत होतं. त्याच्या इंजिनाचे सुटे भाग कुठून आणत असतील, या विचारानं माझी झोप उडते. दुसरा कायदा 2012 चा, स्कारबरो गेल्याच्या वर्षीचा. पंधरा वर्षांत मिळून तीन टप्पे. आधी अमेरिकन तटरक्षक दलाची 1960 च्या दशकातली तीन जहाजं आली. मघाशी सांगितलेली ती 'सगळ्यात मोठी युद्धनौका' त्यातलीच. इंडोनेशियानं दोन मोठी वाहतूक जहाजं बांधून दिली. कोरियाकडून 2020 आणि 2021 मध्ये दोन नव्या फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराच्या युद्धनौका आल्या, 2025 मध्ये आणखी दोन. जपाननं तटरक्षक दलासाठी दहा मध्यम आणि दोन 97 मीटरची गस्ती जहाजं दिली.

आणि भारतानं ब्राह्मोस दिलं. जानेवारी 2022 चा करार, सुमारे 37.5 कोटी डॉलरचा. पहिली खेप एप्रिल 2024 मध्ये हवाई दलाच्या विमानानं गेली. त्या रात्री आपल्या वाहिन्यांवर 'ड्रॅगनची झोप उडाली' चाललं होतं. माझी तक्रार इथंच आहे. ब्राह्मोस उत्तमच आहे, 290 किलोमीटरचा पल्ला, ते किनाऱ्यावर ठेवलं तर स्कारबरोपर्यंत पोचतं. पण समोरचा पाण्याचा फवारा मारतोय, त्याला ब्राह्मोसनं उत्तर देता येतं का? युद्ध सुरू होऊ नये म्हणून ते आहे. वहिवाट तटरक्षकांची पांढरी जहाजं राखतात. 11 ऑगस्ट 2025 ला स्कारबरोजवळ 'सुलुआन' नावाच्या त्यांच्या जपानी बनावटीच्या गस्ती बोटीचा पाठलाग करताना चीनचं तटरक्षक जहाज आणि चीनचीच विनाशिका एकमेकांवर आदळली. 'सुलुआन'ला ओरखडा नाही. (हशा, टाळ्या) त्याच महिन्यात, आठवडाभर आधी, आपली 'आयएनएस दिल्ली' फिलिपिन्सच्या नव्या फ्रिगेटबरोबर त्या समुद्रात संयुक्त फेरीला गेली होती. माझगाव गोदीत बांधलेली बोट! वाहिन्यांनी याचा गाजावाजा करायला हवा होता, कारण तिथं दिसणं हेच काम आहे.

एक मिनिट, अध्यक्ष महाराज. फिलिपिन्सला आता पाणबुडी हवीय. निदान दोन. माझं याला मत नाही. पाणबुडीचा सगळा गुण न दिसण्यात, आणि हे भांडण दिसण्याचं आहे. तेवढ्या पैशात गस्ती जहाजं, सुक्या गोद्या आणि इंजिनांचे सुटे भाग घ्यावेत, म्हणजे एक जहाज दुरुस्तीला आलं की दुसरं त्या जागी उभं राहील. नौदलातले निवृत्त अधिकारी पहिल्या रांगेत मान हलवताहेत, ती होकाराची नाही हे कळतंय मला. त्यांनी चहाच्या टेबलापाशी भेटावं, इथं माइक बंद करायला माणूस आलाय.