भुतं गाऊ लागतात तेव्हा

ऑपेरा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर शे-दीडशे माणसांचा ताफा येतो. मी आज ज्या इंग्रजी ऑपेराबद्दल बोलणार आहे, त्यात सहा-सात गायक आणि १३ वादक. इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटनचा ‘द टर्न ऑफ द स्क्रू’. पहिला प्रयोग १४ सप्टेंबर १९५४ रोजी व्हेनिसच्या ला फेनिचे नाट्यगृहात झाला. हा छोटा आकार हौसेपोटी आलेला नाही. १९४५ साली लंडनच्या सॅडलर्स वेल्समध्ये त्याचा ‘पीटर ग्राइम्स’ गाजला खरा, पण युद्धानं पिचलेल्या इंग्लंडमध्ये मोठा ऑर्केस्ट्रा आणि कोरस कोण पोसणार? म्हणून १९४७ मध्ये त्यानं आणि सहकाऱ्यांनी इंग्लिश ऑपेरा ग्रुप काढला. मोजकी माणसं घेऊन दौरे करायचे, असा हिशेब.

१३ वादक म्हणजे काम सोपं, असं मात्र समजू नका. पहिलं व्हायोलिन एक, दुसरं एक, बासरी एक, हॉर्न एक. गर्दीत लपायला जागाच नाही. जो चुकेल तो शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जातो. संगीत अखंड चालतं, त्यामुळे टाळी घ्यायलाही फट नाही. आपल्यासारखा वन्स मोअर तर विसराच.

दुसरी अडचण शब्दांची. सोप्रानोचा, म्हणजे सगळ्यात उंच पट्टीत गाणाऱ्या गायिकेचा, आवाज फार वर चढला की ‘आ’, ‘ई’, ‘ऊ’ हे स्वर एकमेकांत मिसळतात. तो गायिकेचा आळस नव्हे, ध्वनीचं शास्त्रच तसं आहे. भाषा इटालियन असली तर लंडनचा प्रेक्षक काही कळलं नाही तरी कुरकुरत नाही. स्वतःच्या भाषेत मात्र एक वाक्य निसटलं तरी तो अस्वस्थ होतो. इंग्लिश नॅशनल ऑपेरा म्हणजे मुद्दाम इंग्रजीत गाणारी संस्था, पण तिथेही २००५ पासून रंगमंचाच्या वर इंग्रजी अक्षरं झळकू लागली आणि त्यावर भरपूर वादावादी झाली. माझं मत विचाराल तर लहान नाट्यगृहात ती नकोत. गायकाच्या तोंडून वाक्य पुरतं बाहेर पडण्याआधीच प्रेक्षक ते वाचून मोकळे होतात. ब्रिटनला ही अडचण ठाऊक होती. प्रस्तावनेत निवेदक नुसत्या पियानोच्या साथीवर गातो. कथेची सगळी मांडणी कानात नीट उतरते आणि मगच बाकीची वाद्यं येतात.

आता खरी गोम. मूळ कथा हेन्री जेम्सची, १८९८ ची. एकाकी वाड्यात दोन मुलं, त्यांना सांभाळायला आलेली गव्हर्नेस आणि दोन मृत नोकर तिला दिसतात. खरंच दिसतात की तिच्या डोक्यात आहेत? पुस्तकात हे संदिग्ध ठेवता येतं, कारण तिथली भुतं चकार शब्द काढत नाहीत. ऑपेरात उभं राहिलेल्या पात्रानं गायलाच हवं! संहिता लिहिणाऱ्या मिफॅन्वी पायपरबाईंना भुतांसाठी शब्द रचावे लागले. एक ओळ तर त्यांनी येट्सच्या कवितेतून उचलली. दुसरा अंक उघडतो तेव्हा क्विंट आणि मिस जेसल ही दोन भुतंच एकमेकांशी बोलत असतात. गव्हर्नेस त्या संवादात नाहीच. मग हे पाहतंय कोण? इथे दिग्दर्शकाला निर्णय टाळता येत नाही. काही जण तिला त्याच जागी झोपलेली दाखवतात, म्हणजे सगळं तिचं स्वप्न. मला ही पळवाट वाटते. भुतं आहेत असं मानून खेळलं, तर तिची भीती जास्त खरी वाटते.

आणि माइल्स, म्हणजे त्या दोन मुलांतला मुलगा. हे काम आवाज न फुटलेल्या मुलाचं. १९५४ मध्ये ते डेव्हिड हेमिंग्जनं केलं. पुढे तो सिनेमानट म्हणून नावारूपाला आला. इंग्लंडमध्ये आज मुलांना रंगमंचावर आणायचं तर स्थानिक प्रशासनाचा परवाना लागतो, सोबत देखरेखीला माणूस लागतो. आवाज कधी दगा देईल सांगता येत नाही, म्हणून बहुतेक ठिकाणी या भूमिकेसाठी दोन मुलं तयार ठेवतात. शिवाय क्विंटनं त्याच्यावर नेमकी कसली छाया टाकली, हे त्या मुलाला कितपत सांगायचं? मला वाटतं, काहीच नाही. लॅटिनच्या पाठात तो ‘मालो’ हे गाणं म्हणतो, ते त्यानं पाठांतरासारखं, सरळ म्हणावं. काटा प्रेक्षकांच्या अंगावर यायला हवा, त्याच्या नव्हे.

एवढा खटाटोप कशासाठी? कारण संगीतकारानं निम्मं दिग्दर्शन करून ठेवलेलं आहे. १२ स्वरांची एक धून, तिची १५ रूपं, आणि प्रत्येक रूप दोन प्रसंगांच्या मध्ये. क्विंटची चाहूल चेलेस्टा या छोट्या पियानोसारख्या वाद्याच्या किणकिणाटात आधीच लागते. तो कोपऱ्यात दिसायच्या आत प्रेक्षक सावरून बसलेला असतो. त्या मधल्या वाजवण्यात नेपथ्य बदला, पण नटांना उगाच इकडून तिकडे फिरवू नका. अंधार ठेवा, वाजू द्या.

मुंबईत कुणाला करावंसं वाटलं, तर आधी हक्कांचं पाहा. ब्रिटन १९७६ साली गेला, पायपरबाई त्याच्याही नंतर. संगीत आणि संहिता दोन्ही अजून कॉपीराइटखाली आहेत. प्रकाशकाची परवानगी घ्यायची, वादकांचे कागद भाड्यानं आणायचे. आणि सगळ्यात आधी माइल्स शोधा. तो मिळाला नाही, तर पुढचे पैसे घालवू नका.