कॉम्प्युटरचा पैरा

(दृश्य: वडगावची गल्ली, संध्याकाळ. मागांचा आवाज.)

बेळगावच्या वडगावात संध्याकाळ झाली तरी कापड विणणाऱ्या मागांची खटखट चालूच असते, आणि अशाच एका मागवाल्या घराच्या माडीवर एक असेंबल केलेला पीसी आहे, कॅबिनेटचं एका बाजूचं झाकण काढून भिंतीला टेकवून ठेवलंय कारण तो तापतो, शेजारी टेबलफॅन लावलाय तोही पीसीकडे तोंड करून. पोरगा इंजिनिअरिंगच्या लास्ट इयरला. रात्री पीसी बंद म्हणून करत नाही. आई जिन्यातून ओरडते, "काय करूलालास रे रात्रभर, लाईटबिल कोण भरणार?" तर म्हणतो, "काही नाही गं, तारे शोधूलालोय." आईला वाटतं गेम खेळतोय. खरं तर तो गाढ झोपलेला असतो, शोधतोय तो पीसी.

(दृश्य: मॉनिटर क्लोजअप.)

काळ्या स्क्रीनवर आकाशाचा गोल हळूहळू फिरतोय, त्यावर नक्षत्रांच्या रेषा. हा आइन्स्टाइन ॲट होम नावाचा प्रोजेक्ट, २००५ पासून चालू आहे. रेडिओ टेलिस्कोपचा आणि गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशात उठणारे तरंग, पकडणाऱ्या लायगो वेधशाळेचा डेटा इतका प्रचंड आहे की एका संस्थेच्या मशिनवर तो चाळून संपतच नाही, म्हणून त्याचे छोटे छोटे तुकडे करून जगभरच्या लोकांच्या घरी पाठवतात, घरचा पीसी रिकामा असला की तो तुकडा चाळतो, निकाल परत पाठवतो आणि पुढचा तुकडा मागून घेतो. आणि मध्येच लाईट गेली तर? ती जाते, बेळगावकरांना हे वेगळं सांगायला नको. पण प्रोग्राम थोड्या थोड्या वेळाने आपण कुठवर आलो ते डिस्कवर लिहून ठेवतो, लाईट आली, पीसी चालू झाला की तिथून पुढे. फुकट जातं ते मधल्या काही मिनिटांचं काम.

आता तुम्ही म्हणाल, अशा घरगुती मशिनने काय दिवे लागणार. तर २०१० साली या प्रोजेक्टमध्ये एक नवा पल्सार सापडला, पल्सार म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा, गरगर फिरतो आणि फिरताना रेडिओ लहरींचा झोत टाकत राहतो. हा सेकंदाला जवळपास ४१ वेळा फिरणारा. डेटा होता पोर्तो रिकोतल्या अरेसिबो टेलिस्कोपचा, आणि तो सिग्नल उठून दिसला अमेरिकेतल्या आयोवात एका जोडप्याच्या घरच्या कॉम्प्युटरवर आणि जर्मनीतल्या माइन्झमध्ये दुसऱ्या एकाच्या कॉम्प्युटरवर.

दोन ठिकाणी का, हे महत्त्वाचं आहे, इथे जरा थांबू.

(दृश्य: जुना सीआरटी मॉनिटर.)

१७ मे १९९९ ला कॅलिफोर्नियातल्या बर्कली युनिव्हर्सिटीने सेटी ॲट होम चालू केलं, परग्रहावरून कोणी सिग्नल पाठवतंय का ते शोधायला. लोक अक्षरशः तुटून पडले, काही वर्षांत पन्नास लाखांच्या वर लोकांनी नाव नोंदवलं. कोणी किती काम केलं याची यादी लागायची, आणि यादी म्हटली की स्पर्धा आली, स्पर्धा आली की लबाडी आलीच. काही जणांनी नंबर वर यावा म्हणून प्रोग्राममध्येच हात घातला. शिवाय लबाडी नसली तरी तापलेलं मशीन चुकीचं उत्तर देतं ते वेगळंच. मग उपाय काय केला, तर एकच तुकडा दोन अनोळखी माणसांकडे पाठवायचा, दोघांची उत्तरं जुळली तरच खरं धरायचं, नाही जुळली तर तिसऱ्याला द्यायचा. नंतर हीच सगळी यंत्रणा बॉइंक या नावाने कोणालाही वापरता येईल अशी खुली केली, आणि वडगावच्या पीसीवर आज तीच चाललीय. सेटीने ३१ मार्च २०२० ला नवीन काम पाठवणं बंद केलं. परग्रहवासी काही सापडले नाहीत, पण अनोळखी माणसाकडून काम करून घेऊन त्याच्यावर भरवसा कसा ठेवायचा ते मात्र सापडलं, आणि माझ्या मते मोठा शोध तोच.

(दृश्य: खानापूर तालुका, भाताची रोपलावण.)

हे झालं हौशी लोकांचं. संशोधन संस्थांचं काम चालतं ते वेगळ्या रीतीने, आणि ते समजून घ्यायला खानापूरच्या शेतात आलोय. इथे लावणीला पैरा असतो. आज तुझ्या शेतात आम्ही दहाजण, परवा माझ्या शेतात तू. पैसे कोणी कोणाला देत नाही, वहीत कोणी लिहीत नाही, पण कोण किती दिवस आलं आणि कोण ऐनवेळी पाहुण्यांकडे निघून गेलं हे अख्ख्या गावाला पाठ असतं. पैरा न फेडणाऱ्याच्या बांधावर पुढच्या वर्षी कोणी उभं राहत नाही.

सर्नचा ग्रिड, म्हणजे देशोदेशीची एकमेकांना जोडलेली मशिनं, बरोबर असाच आहे, फक्त हिशोब पाठ नसून लेखी आहे.

सर्न म्हणजे जिनिव्हाजवळची ती प्रयोगशाळा, २७ किलोमीटरच्या बोगद्यात प्रोटॉनची टक्कर लावणारी. टकरा होतात सेकंदाला एक अब्जापर्यंत, त्यातल्या बहुतेक जागच्या जागी टाकून देतात आणि कामाच्या तेवढ्याच ठेवतात, तरी उरलेला डेटा एका संस्थेला झेपत नाही. मशीन बांधत असतानाच हे कळलं होतं, म्हणून २००१ सालीच ठरलं की कॉम्प्युटिंग सगळ्यांनी मिळून करायचं. आज ४० च्या वर देशांतली १७० च्या आसपास सेंटर्स यात आहेत, १४ लाखांच्या घरात प्रोसेसर कोअर, आणि त्यात सर्नचा स्वतःचा वाटा साधारण पाचातला एक. बाकी चार वाटे इतरांचे. ४ जुलै २०१२ ला हिग्ज बोसॉन हा कण सापडल्याचं जाहीर झालं त्यामागे ही सगळी मशिनं होती, टीव्हीवर मात्र बोगदाच दाखवला, साहजिक आहे, सर्व्हरच्या रांगा दाखवून कोण बघणार.

डेटा फिरतो कसा? टियर म्हणजे पायरी. जिनिव्हाला टियर झिरो. तिथे मूळ डेटा चुंबकीय टेपवर साठवतात, हो टेपवर, कॅसेटची मोठी बहीण म्हणा, कारण स्वस्त पडते आणि नुसती कपाटात पडून असली तर वीज खात नाही. तिथून कॉपी जातात टियर वन सेंटरना, ही मोठी सेंटर्स, मोजकीच. त्याखाली टियर टू, युनिव्हर्सिटी आणि संशोधन संस्थांमधली. आपल्याकडे अशी दोन आहेत, मुंबईत कुलाब्याला टीआयएफआरमध्ये सर्नच्या सीएमएस या प्रयोगासाठी आणि कोलकात्याला व्हीईसीसीमध्ये ॲलिस या प्रयोगासाठी. बेळगावहून रात्रीच्या बसने मुंबईला गेलात तर सकाळी ज्या शहरात उतरता, तिथल्या एका खोलीत ब्राझीलच्या किंवा इटलीच्या कोण्या विद्यार्थ्याचा जॉब चालू असू शकतो, आणि टीआयएफआरच्या विद्यार्थ्याचा जॉब तिकडे कुठेतरी. त्याला ते माहीतही नसतं. तो फक्त जॉब टाकतो, रांगेत लावतो आणि चहाला जातो.

आता हिशोब. प्रत्येक देश पुढच्या वर्षासाठी आधीच लिहून देतो, इतके प्रोसेसर देणार, इतकी डिस्क, इतकी टेप. प्रयोगवाल्यांनी जास्त मागू नये म्हणून त्यांची मागणी तपासायला वेगळी कमिटी. आणि दर महिन्याला रिपोर्ट निघतो, कुठलं सेंटर किती वेळ चालू होतं, किती वेळ बंद पडलं, नावानिशी, सगळ्यांना दिसेल असा. एसी बिघडला, यूपीएसने दगा दिला, ते सगळं त्या टक्केवारीत उतरतं. ज्या ॲडमिनच्या सेंटरची टक्केवारी पडली त्याला कोणी फोन करून शिव्या घालत नाही, गरजच नसते.

आत शिरायला ओळखपत्रही लागतं. पासवर्डवर इथे भागत नाही, डिजिटल सर्टिफिकेट लागतं, आणि भारतात ते द्यायचा अधिकार बंगळूरच्या सी-डॅक या सरकारी कॉम्प्युटर संस्थेकडे. तुम्ही खरंच त्या संस्थेत आहात का हे आधी इथला माणूस तपासणार, मग ते सर्टिफिकेट जर्मनीतलं मशीन मान्य करणार. आता हळूहळू सर्टिफिकेटच्या जागी टोकन यायला लागलेत, पण मुद्दा तोच, अनोळखी माणसाला कोणीतरी ओळखीचा जामीन पाहिजे.

(दृश्य: बोर्डरवरचा हायवे, कन्नड आणि मराठी पाट्या.)

समारंभात भाषणं होतात की विज्ञानाला सीमा नसते. बेळगावच्या माणसाला असलं काही सांगू नये, सीमा काय चीज आहे ते आम्हाला लहानपणापासून माहीत आहे. विज्ञानालाही असते. १९८० च्या दशकात भारताला अमेरिकेचा क्रे सुपरकॉम्प्युटर मिळताना इतक्या अडचणी आल्या की शेवटी १९८८ ला पुण्यात सी-डॅक काढून १९९१ ला परम ८००० हा आपला सुपरकॉम्प्युटर बनवावा लागला. आणि अगदी अलीकडचं सांगायचं तर ३० नोव्हेंबर २०२४ ला सर्नचा रशियाबरोबरचा करार संपला, युक्रेनच्या युद्धामुळे तो पुढे वाढवला नाही. मॉस्कोचं कुर्चातोव्ह इन्स्टिट्यूट ग्रिडमधलं टियर वन होतं, साधं गिऱ्हाईक नव्हे. रशियातल्याच दुबनातली संशोधन संस्था मात्र आंतरराष्ट्रीय, तिचा करार वेगळा, तो चालू राहिला. म्हणजे तार तीच, मशिनं तीच, पण कागदावर सही कोणाची आहे यावर सगळं. मला तरी यात वाईट वाटण्यापेक्षा समजून घेण्यासारखं जास्त दिसतं, कारण जे नातं लेखी असतं ते कुठे तुटलं तेही नेमकं दाखवता येतं.

(दृश्य: हिंगोली जिल्हा, मोकळं माळरान.)

आपल्याकडे पुढचा मोठा भार येणार तो हिंगोलीतून. लायगो इंडियाला एप्रिल २०२३ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली, २,६०० कोटींचा प्रोजेक्ट. तिथला डिटेक्टर चालू झाला की त्याचा डेटा एकटा बसून काही सांगणार नाही, अमेरिकेतल्या दोन डिटेक्टरच्या, इटलीतल्या व्हर्गो डिटेक्टरच्या डेटाशेजारी ठेवून बघावा लागणार, तेव्हाच लहर आकाशातल्या कुठल्या बाजूने आली ते नीट कळतं. त्यासाठी पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत सारथी नावाचा क्लस्टर, म्हणजे एकत्र जोडलेल्या कॉम्प्युटरचा ताफा, आधीपासून लायगोच्या कामात जोडलेला आहे.

(दृश्य: कॉलेजची कॉम्प्युटर लॅब.)

घरून सामील व्हायचं असेल तर बॉइंक फुकट आहे, पण वीज फुकट नाही हे आधी लक्षात घ्या. समजा पीसीने शंभर वॅट जास्त ओढले आणि रात्री दहा तास चालवला, तर रोजचं एक युनिट, महिन्याला तीस. घरात विचारून करा. सेटिंगमध्ये प्रोसेसरचा वापर निम्म्यावर आणता येतो, एप्रिल-मेमध्ये तर आणाच, आणि लॅपटॉप असेल तर बॅटरीवर असताना काम थांबव असा पर्याय आहे तो चालू ठेवा.

आणि प्रोजेक्टसाठी विषय शोधणाऱ्यांनी सर्नचं ओपन डेटा पोर्टल बघा, २०१४ पासून खुलं आहे, खऱ्या टकरांचा खरा डेटा, लॉगिन लागत नाही, परवानगी लागत नाही. फक्त डाउनलोडला लावायच्या आधी साइज बघा, त्यातले काही डेटासेट टेराबाइटमध्ये आहेत, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर लावून बसू नका.