रथ एकच, रथी मात्र वादात

नमस्कार श्रोतेहो. कर्म आणि पुनर्जन्म हिंदू दर्शनंही मानतात, बौद्धही मानतात. फाटा फुटतो तो एका प्रश्नावर: या देहात कायम टिकणारा कुणी आहे का? उपनिषदं म्हणतात, आहे, तो आत्मा. बुद्ध म्हणतात, शोधून पाहा, तसा कुणी सापडत नाही.

कठोपनिषदात यम नचिकेताला सांगतो: शरीर हा रथ, इंद्रियं घोडे, मन लगाम, बुद्धी सारथी आणि आत्मा रथाचा स्वामी. हा रथ ध्यानात ठेवा.

आता माझा आवडता प्रसंग, 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथातला. मिलिंद म्हणजे इसवी सनपूर्व २ऱ्या शतकातला ग्रीक राजा मिनँडर. राजधानी सागल. वादात भल्याभल्यांना गप्प करणारा. भिक्खू नागसेनांना त्यानं नाव विचारलं.

"नागसेन म्हणतात मला. पण हे केवळ नाव, महाराज. त्यामागे कुणी व्यक्ती सापडत नाही."

राजा उसळला. "मग चीवर, हे भिक्खूचं वस्त्र, कोण घेतं? शील कोण पाळतं? केस म्हणजे नागसेन का? नखं? दात?"

"नाही, महाराज."

"मग आपण खोटं बोलता! नागसेन नाहीच!"

नागसेनांनी शांतपणे विचारलं, "आपण चालत आलात की वाहनानं?"

"रथानं."

"रथ दाखवा. आस म्हणजे रथ? चाकं? जू?"

"नाही."

"या सगळ्यांहून वेगळा काही रथ?"

"नाही."

"मग महाराज, आपणही खोटंच बोललात! रथ नाहीच!"

सोबतच्या ५०० यवनांनी, म्हणजे ग्रीकांनी, नागसेनांना दाद दिली. राजा म्हणाला, "खोटं नाही. या भागांमुळेच 'रथ' हे नाव पडतं." नागसेन म्हणाले, "बरोबर. माझंही तसंच."

पुढे नागसेनांनी अट घातली: वाद पंडितांसारखा करू, राजांसारखा नको. पंडित चूक दाखवली तर रागावत नाही, राजा दंड करतो. शाळेत पाठांतराआधी हा वाद शिकवायला हवा, असं माझं ठाम मत आहे. आपण मुलांना उत्तरं देतो, उलट विचारायला शिकवत नाही.

असो. तर रथ दोघांकडे आहे. उपनिषदाच्या रथात रथी आहे, नागसेनांच्या रथात नाही.

राजानं पुढे विचारलंच: पुन्हा जन्मतो तो तोच, की दुसरा? उत्तर आलं, "तोही नाही, दुसराही नाही." कारण-परिणामांची धारा तेवढी वाहते. गीतेत मात्र देह बदलतात, देही तोच राहतो.

इथून साधनाही वेगळी होते. अद्वैती साधक 'मी कोण' विचारत न बदलणाऱ्या साक्षीकडे वळतो. बौद्ध साधक देह, वेदना (म्हणजे सुखदुःखाची जाणीव), चित्त उठताना आणि मावळताना पाहतो, आणि प्रत्येकाला म्हणतो: हे माझं नाही, हा मी नाही.