आधी कडी, मग दांडी

(दृश्य: अर्धं शटर वर केलेलं वर्कशॉप. आत लेथ सुरू आहे.)

भोसरी एमआयडीसीतलं हे छोटं वर्कशॉप. एक लेथ, एक मिलिंग, एक पिलर ड्रिल आणि कोपऱ्यात वेल्डिंगचा सेट. आठवडाभर इथे गाड्यांच्या सुट्या भागांचे जॉब चालतात. आज सुट्टी आहे, आणि मिस्त्री मुलीच्या गिअरच्या सायकलसाठी कुलूप बनवायला बसलेत. लेथ जुना, किर्लोस्करचा. 1888 मध्ये बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरू झालेलं हे नाव आज पुन्हा सायकलच्याच कामाला लागलंय.

बाजारात मिळणारं वायरचं कुलूप मिस्त्रींना पटत नाही. प्लास्टिकच्या आत बारीक तारांचा पीळ असतो. कटर लावला की एकेक तार सुटत जाते. त्यांना हवी आहे इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची कडी आणि तिला अडवणारी आडवी दांडी.

कडीला पाच सुती बार घेतलाय, म्हणजे 16 मिलिमीटर. मीटरला 1.58 किलो. एवढ्या जाडीच्या कडक कडीपुढे हातातल्या बोल्ट कटरचा जबडा पुरा पडत नाही. मटेरियल ईएन-8, म्हणजे साधारण 0.4 टक्के कार्बनचं पोलाद. माइल्ड स्टील स्वस्त पडलं असतं, पण ते पाणी धरत नाही, म्हणजे तापवून बुडवलं तरी हवं तेवढं कडक होत नाही.

(दृश्य: गॅस टॉर्च. लाल झालेला बार वाकतोय.)

बार लालबुंद करून 100 मिलिमीटर व्यासाच्या गोल ठोकळ्याभोवती वाकवला. टोकं सपाट केली. दोन्ही पायांच्या आतल्या अंगाला मिलिंगवर 5 मिलिमीटर खोल खाच पाडली. हे सगळं आत्ताच उरकायचं, कारण पाणी दिल्यावर टूल लागत नाही.

मिस्त्रींकडे तापमापक नाही. त्यांच्याकडे तारेला बांधलेला लोहचुंबक आहे. साधारण 770 अंशांच्या पुढे लोखंड चुंबकाला धरत नाही. चुंबक सुटला, की आणखी थोडी आंच द्यायची आणि कडी थेट तेलात. पाण्यात बुडवली तर खाचेच्या कोपऱ्यात तडा जायची भीती.

आता कडी कडक झाली, पण काचेसारखी. कानस तिच्यावरून घसरते आणि घणाचा एक घाव बसला तर तुकडे होतील. म्हणून थोडं पाणी उतरवायचं. पॉलिश पेपरनं एक पट्टा घासून पांढरा केला. हलक्या आंचेवर त्या पट्ट्यावर रंग चढू लागला. आधी फिका पिवळा, मग गडद पिवळा, मग तपकिरी. तपकिरीत जांभळी झाक दिसली आणि मिस्त्रींनी टॉर्च बाजूला घेतला. जेमतेम पावणेतीनशे अंश. थोडा कडकपणा गेला, त्याच्या बदल्यात चिवटपणा आला.

दांडीला अजून ड्रिल लागलेलं नाही. या कामातली खरी अक्कल इथेच आहे. तेलातून निघालेली कडी मापात राहत नाही. पाय किंचित मिटतात किंवा फाकतात. ड्रॉइंगवर विसंबून दांडीची भोकं आधी पाडली, तर शेवटी हातोडीनं कडी बसवायची वेळ येते आणि कुलूप आयुष्यभर अडकत राहतं. मिस्त्री व्हर्नियर, म्हणजे बारीक मापाची मोजपट्टी, लावतात. पायांच्या टोकाशी बाहेरून बाहेर 131.4. खाचेपाशीही तेवढंच. त्यातून बारचे 16 वजा केले, की दोन पायांच्या मध्यांतलं अंतर 115.4. ड्रॉइंगमध्ये 116 होतं. दांडीवर 115.4 चं मार्किंग होतं.

(दृश्य: लेथच्या फोर जॉ चकमध्ये, म्हणजे चार जबड्यांच्या पकडीत, दांडी. डायलचा काटा.)

दांडी 35 मिलिमीटरची, भरीव. आतून लांबीला 12 चं आरपार भोक हवंय. एका बाजूनं अर्धं, मग जॉब उलटून दुसऱ्या बाजूनं अर्धं. दर थोड्या अंतराला ड्रिल मागे घेऊन कीस बाहेर काढावा लागतो, नाहीतर ड्रिल आतच अडकतं. पायांची भोकं 16.3 ची.

लॉकचा सिलिंडर, म्हणजे किल्ली फिरते तो भाग, मात्र तयार आणलाय, पुण्याच्या बोहरी आळीतून. निवडताना मिस्त्रींनी गोल नळीसारख्या किल्लीचा घेतला नाही. तसल्या किल्लीची सायकलची महागडी कुलपं साध्या बॉलपेनच्या नळीनं उघडतात, हे 2004 मध्ये अमेरिकेत जगजाहीर झालं होतं. त्यांनी घेतलाय चकत्यांचा सिलिंडर. ही रचना फिनलंडमध्ये एमिल हेनरिक्सन यांनी 1907 मध्ये शोधली. आत स्प्रिंग नसतात, त्यामुळे धूळ आणि पावसाळा त्याला तितकासा सतावत नाही.

जुळणी पटकन होते. दोन्ही तोंडांतून एकेक खिट्टी आत सरकवली, त्यांच्या खाचांत सिलिंडरच्या चकतीवरच्या पिना बसवल्या. किल्ली पाव फेरा फिरते आणि खिट्ट्या दोन दिशांना बाहेर येऊन कडीच्या पायांच्या खाचांत अडकतात. मग दांडीची तोंडं बुचं ठोकून वेल्ड केली. खालच्या अंगाला पाणी निघून जायला बारीक भोक.

(दृश्य: व्हाइसमध्ये बंद कुलूप. हॅक्सॉ.)

हॅक्सॉ नुसती घसरते, कडीवर एक चकाकी उमटते. बोल्ट कटरनं पुसटशी खूण पडते. बॅटरीवरचा ग्राइंडर मात्र कोणतीही कडी कापतो, हे मिस्त्री आधीच सांगतात. तरी त्यांचं उत्तर तयार आहे. एकाच खिट्टीच्या कुलपाचा एक पाय कापला, की कडी फिरवून निघते. इथे दोन्ही पाय दांडीत अडकलेत. चोराला दोनदा कापावं लागेल, दोन्ही वेळा ठिणग्या उडवत, भर रस्त्यात.