पाहिलेले पुन्हा पाहताना

रसिक मित्रहो, टाउन हॉलचे संग्रहालय पाहिले आहे का, असे कोल्हापुरात कुणालाही विचारले तर ‘शाळेत असताना पाहिले होते’ हे उत्तर बहुधा मिळते. अंबाबाईचे दर्शन मात्र ‘एकदा झाले आहे’ म्हणून कुणी सोडत नाही. संग्रहालयाकडेही त्याच ओढीने पुनःपुन्हा जावे, असे मला सुचवायचे आहे.

पहिली भेट धावपळीतच संपते. 1872 ते 1876 या काळात उभी राहिलेली ती गॉथिक वळणाची इमारत, शिल्पे, शस्त्रे आणि चित्रे एकाच फेरीत पाहिली की डोळे थकतात. म्हणून पुढच्या भेटीसाठी एकच वस्तू ठरवून जावे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली पोसायडन या समुद्रदेवाची कांस्यमूर्ती वितीहूनही लहान आहे. घाईत तिच्यावरून नजर सहज पुढे सरकते. तिच्यापुढे थोडा वेळ थांबले, की रोमन जगाशी चालणाऱ्या व्यापाराचा धागा आपल्या रोजच्या नदीकाठापर्यंत आलेला दिसू लागतो.

पण खरा आनंद चित्रांत आहे, आणि त्यातही आबालाल रहिमान यांच्या निसर्गचित्रांत. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेला हा चित्रकार कोल्हापुरात परतला, शाहू महाराजांच्या आश्रयाने राहिला आणि कोटितीर्थ तळ्याच्या परिसरात रमला. पारदर्शक जलरंगात उजेड हा रंगाने आणलेला नसतो, तर न रंगवता राखलेल्या कागदाचा असतो. ही गोष्ट वाचून कळते. दिसते मात्र तेव्हाच, जेव्हा आपण काचेवरचे प्रतिबिंब चुकवत, कधी जवळ तर कधी चार पावले मागे सरकत तेच चित्र न्याहाळतो. त्यानंतर एखाद्या सकाळी कोटितीर्थावर जावे. भोवतालची वस्ती कितीही बदलली असली तरी पाण्यावरचे ऊन आणि झाडांच्या सावल्या ओळखू येतात. मग दालनात परतल्यावर चित्रकाराने काय टिपले यापेक्षा काय वगळले, याकडे लक्ष जाते. चित्रातून तळ्याकडे आणि तळ्याकडून पुन्हा चित्राकडे अशी ये-जा परगावच्या पाहुण्याला साधणार नाही. ती इथे राहणाऱ्यांचीच मिरास आहे. (मुलांना नेणार असाल तर त्यांना पाट्यांवरचा मजकूर उतरवून घ्यायला लावू नका, एवढी विनंती. वहीत मान घातलेल्या मुलाला चित्र दिसत नाही.)

हीच ये-जा दोन संग्रहालयांमध्येही करता येते. सिनेमाच्या पडद्यापर्यंत पोहोचलेले बाबूराव पेंटर मुळात चित्रकार होते, आणि 1936 च्या ‘सावकारी पाश’मध्ये त्यांच्या दिग्दर्शनाखाली काम केलेले चंद्रकांत मांडरे यांनीही अभिनयाबरोबर कुंचला जपला. राजारामपुरीतील मांडरे यांचे राहते घर आज कलासंग्रहालय आहे. तेथील पावडर शेडिंगची, म्हणजे कोरडी पूड कागदावर घासून छटा दिलेली, चित्रे पाहावीत आणि त्याच आठवड्यात टाउन हॉलमध्ये बाबूरावांच्या चित्रांपुढे उभे राहावे. कडा ठसठशीत न ठेवता छटेत छटा विरघळवण्याची आवड या दोघांत किती सारखी आहे आणि कुठे ते एकमेकांपासून वेगळे होतात, यावर मग घरी परतताना भरपूर वाद घालता येतो.