घाट उतरताना वाजणारी गिटार

नमस्कार श्रोतेहो.

इंदुरातल्या मराठी घरांचं काही ना काही आग्रा-मुंबई रस्त्याच्या पलीकडच्या टोकाला असतंच. कुणाचं आजोळ, कुणाचं सासर, कुणाचं कुलदैवत. राऊ, मानपूर, खलघाट, जुलवानिया, सेंधवा, बिजासन, शिरपूर, धुळं ही नावं झोपेत विचारली तरी क्रमाने सांगू आपण. या रस्त्यावर गाड्यांतून गाणी भरपूर वाजतात, पण या रस्त्याचं स्वतःचं मराठी गाणं माझ्या तरी कानावर आलेलं नाही. म्हणून मी ते घरीच करायला घेतलं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लूज गाण्यांच्या ढंगाचं, स्लाइड गिटारवरचं. ते कसं लिहिलं, वाजवलं, ध्वनिमुद्रित केलं आणि मुख्य म्हणजे मिक्स कसं केलं, म्हणजे सगळे आवाज एकमेकांत कसे बसवले, हे आज सांगतो. स्टुडिओ लागत नाही. एक खोली लागते आणि घरच्यांची थोडी सहनशक्ती.

आधी वाद्य. स्लाइडमध्ये तार बोटाने पडद्यावर दाबत नाहीत. डाव्या हाताच्या करंगळीत काचेची किंवा धातूची नळी घालतात, ती तारेला नुसती टेकवतात आणि सरकवतात. ऐका.

(गिटार: एका तारेवर षड्जापासून गंधारापर्यंत सावकाश मींड)

परकं वाटलं का? मला तर पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच ओळखीचं वाटलं. विचित्र वीणेवर काचेचा बट्टा असाच फिरतो. आपल्या इंदुरात बंदे अली खाँ यांच्यापासून बीनकारीची मोठी परंपरा, पण बीनमधली मींड तार खेचून काढतात. इथे तार जागेवर राहते आणि हात तिच्यावरून प्रवास करतो. हवाई बेटांवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जोसेफ केकुकू या तरुणाने गिटार मांडीवर आडवी ठेवून तिच्यावर पोलादी तुकडा फिरवण्याची पद्धत रुजवली. १९४०च्या दशकात ताऊ मो हे हवाईयन वादक कोलकात्यात होते आणि हे वाद्य आपल्याकडे पसरण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. पुढे ब्रिजभूषण काब्रांनी त्यावर राग मांडले. विश्वमोहन भट्टांची मोहन वीणा आणि अमेरिकन वादक राय कूडर यांची गिटार यांच्या एकत्र अल्बमला १९९४ साली ग्रॅमी मिळालं. तेव्हा ‘हे आपलं नाही’ असं कुणी म्हणालं की मी वाद घालत नाही, गिटार काढतो.

अमेरिकेतल्या ब्लूजकडे मात्र ही युक्ती वेगळ्या वाटेने दिसते. डब्ल्यू. सी. हँडी हे संगीतकार १९०३च्या सुमारास मिसिसिपी राज्यातल्या टटवायलर गावच्या स्टेशनावर गाडीची वाट बघत झोपी गेले होते. जाग आली तर शेजारी एक फाटक्या कपड्यांतला कृष्णवर्णीय माणूस गिटारच्या तारांवर सुरी दाबून वाजवत बसलेला. गात काय होता? दोन रेल्वेमार्ग एकमेकांना जिथे छेदतात तिकडे मी चाललो, एवढंच. हीच ओळ त्याने तीनदा म्हटली. म्हणजे प्रवासाचं गाणं आणि स्लाइड यांची सोयरीक अगदी जुनी आहे. आणि ओळ परतपरत म्हणणं हेही तिथूनच दिसतं.

पुढे रूढ झालेल्या ब्लूजच्या कडव्यात एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचं. मराठीत हे इतकं चपखल बसतं की आजवर कुणी फारसं का केलं नाही याचं नवल वाटतं. पहिली ओळ रस्त्याची ठेवा. दुसऱ्यांदा म्हणताना ऐकणाऱ्याला ‘पुढे काय?’ असं वाटू द्या. तिसरी मनातली. माझं पहिलं कडवं असं:

मानपूरचा घाट उतरतो, पुढे ट्रकांची रांग,
हो, मानपूरचा घाट उतरतो, पुढे ट्रकांची रांग,
नर्मदे, तुझ्या पुलावरती कोण भेटेल सांग.

आणि दुसरं:

सेंधव्याला चहा घेतला, रात्र निम्मी सरली,
हो, सेंधव्याला चहा घेतला, रात्र निम्मी सरली,
डब्यामधली तुझी पोळी एकच आता उरली.

यात तत्त्वज्ञान नाही, आणि नसावंच. रस्त्याच्या गाण्यात ‘जीवन म्हणजे प्रवास’ आलं की मी गाणं बदलतो. ट्रकमागचं लिखाण वाचा, त्यात ब्लूजचा कवी लपलेला असतो. मोजके शब्द, थोडी फुशारकी, थोडी रड.

बांधणी बारा बारची, एक बार म्हणजे चार ठोके. पहिले चार बार सा, मग दोन मध्यमावर, पुन्हा दोन सा, मग एक पंचमावर, एक मध्यमावर आणि शेवटचे दोन परत सा. लय मी मिनिटाला ११२ ठोके धरली आहे. बारा बारचं एक आवर्तन जेमतेम २६ सेकंदांत संपतं. ताशी ८० किलोमीटरने तेवढ्या वेळात गाडी अर्ध्या किलोमीटरहून थोडी जास्त पुढे जाते, म्हणजे एका कडव्यात एक वळण येऊन जातं. गाडीचं गाणं म्हटलं की लोक लय वाढवतात. माझ्या मते ते चुकीचं आहे. जलद गाण्याने पाय ॲक्सिलरेटरवर जातो आणि पंधराव्या मिनिटाला डोकं दुखतं. इथे प्रत्येक ठोक्याचे तीन भाग करायचे आणि मधला गाळायचा, याला शफल म्हणतात. त्या गाळलेल्या मधल्या भागामुळेच चाल पुढे झुकलेली वाटते.

आता गिटार लावणं. ओपन डी नावाची पद्धत घ्या. जाड तारेकडून बारीक तारेकडे डी, ए, डी, एफ शार्प, ए, डी. डीला षड्ज मानलं तर सा, प, सा, ग, प, सा. म्हणजे सा-पचा तानपुरा आणि त्यात एक शुद्ध गंधार. नळी पाचव्या पडद्यावर सरळ आडवी ठेवली की मध्यमाचा कॉर्ड, सातव्यावर पंचमाचा, बाराव्यावर वरचा सा. संपलं, पूर्ण गाणं त्यात येतं. या लावणीत चार तारा नेहमीपेक्षा सैल होतात, म्हणून तारा जाड घ्याव्यात, ०.०१३ इंचाने सुरू होणारा संच. तारा पट्टीपासून जरा उंच ठेवल्या की नळी पडद्यांवर खडखडत नाही. नळी पडद्याच्या मागे नव्हे, बरोबर पडद्याच्या डोक्यावर आणायची. आणि नळीमागची मोकळी बोटं तारांवर हलकी टेकलेली हवीत, नाहीतर तारेचा मागचा भाग आपलं वेगळंच गुणगुणत राहतो.

नळी विकत मिळते, पण गॅरेजमध्ये मेकॅनिक नट फिरवायच्या सॉकेटला गोटी म्हणतात, त्यातली लांब गोटी बोटात बसली तर छान वाजते. तिचा आवाज जड आणि खरखरीत. काच गोड वाजते. ड्वेन ऑलमन या नामांकित वादकाने औषधाची काचेची बाटली बोटात घालून स्लाइडमधलं आपलं नाव कमावलं.

सगळ्यात नाजूक जागा गंधाराची. सगळ्यात बारीक तारेवर तिसऱ्या पडद्याला कोमल गंधार आहे, चौथ्याला शुद्ध. ब्लूजचा गंधार या दोहोंच्या मध्ये कुठेतरी राहतो, आणि दरवेळी थोडा हलतो.

(गिटार: तिसऱ्या आणि चौथ्या पडद्यांमधला गंधार, तीन वेगवेगळ्या उंचींवर)

जोग रागात दोन्ही गंधार येतात, तो ऐकलेल्या कानाला ही जागा लवकर सापडेल, असं मला वाटतं. संगणकावर सूर आपोआप दुरुस्त करणारी सोय असते. ती या गाण्यात चुकूनही लावू नका. ती गंधाराला बारा स्वरांपैकी जवळच्या एकावर ढकलते, आणि मग ब्लूज उरत नाही, जाहिरातीची धून उरते.

ध्वनिमुद्रणाबद्दल थोडक्यात. संगणक, माइक संगणकाला जोडणारा एक साधा ऑडिओ इंटरफेस, एक माइक, बंद हेडफोन. सॉफ्टवेअर फुकटही मिळतं. माइक गिटारच्या भोकासमोर ठेवू नका, तिथे नुसता घुमारा येतो. मान जिथे पेटीला मिळते त्या जागेपासून फूटभर अंतरावर ठेवा. आवाजाची सगळ्यात उंच टोकं उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या, चोवीस बिटमध्ये तेवढी जागा सोडायला काही हरकत नसते. भिंतीवर गोधड्या, मागे गादी उभी. पंखा बंद, मग मे महिना असला तरी. सकाळी मात्र बसू नका, आपली कचरागाडी गाणं वाजवत येते आणि ते गाणं तुमच्या गाण्याच्या सुरात नसतं. ठेक्यासाठी मी लाकडी पाट पालथा घातला, त्याखाली चादर, आणि वर टाच मारली. शेजारच्या काकूंनी विचारलं, “काय रे, घरात सुतार आलेत का?” पण ध्वनिमुद्रणात तो पाट ड्रमच्या वरताण वाजला.

आता मिक्सिंग. मला खरं बोलायचं आहे ते याबद्दलच.

घरी हेडफोनवर सुंदर वाटलेलं गाणं गाडीत मरतं. कारण गाडीत एक वाद्य आधीपासून वाजत असतं, आणि त्याचा आवाज तुमच्या हातात नसतो. इंजिन, टायर, खिडकीचा वारा. या घरघरीचा मोठा भाग खालच्या पट्टीत असतो, काहीशे हर्ट्झच्या आत. बेस गिटारची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झवर बोलते. ताशी ८० ला ती कुणाला ऐकू येणार? लोक मग बेस वाढवतात. त्याने दाराचे पत्रे थरथरतात, बेस ऐकू येत नाही तो नाहीच. उपाय उलटा आहे. बेसला थोडी खरखर द्या, सौम्य सॅच्युरेशन, म्हणजे त्याच्या वरच्या स्वरकंपनांना जोर येतो. ७००-८०० हर्ट्झच्या आसपास तो दिसू लागला की कान खालचा मूळ स्वर स्वतःच भरून काढतो. गिटारमधलं ७० हर्ट्झच्या खालचं हलक्या हाताने कापा, पण जास्त वर जाऊ नका, आपली सगळ्यात जाड तार ७३ हर्ट्झची आहे.

दुसरी गोष्ट, गाडी चालवणारा मधोमध बसत नाही. आपल्याकडे तो उजवीकडे, उजव्या दाराच्या स्पीकरला खेटून बसतो. टोकाला डावीकडे टाकलेलं वाद्य त्याच्यापर्यंत उशिरा आणि अर्धवट पोचतं. म्हणून आवाज, बेस आणि पाट मधोमध. ठेक्याची गिटार दोनदा वाजवून डावी-उजवी, पण दोन्हीकडे सारखंच, म्हणजे एक बाजू गेली तरी गाणं पांगळं होत नाही. स्लाइड मध्याच्या जरा बाजूला. पूर्ण मिक्स एकदा मोनोमध्ये, म्हणजे डावं-उजवं एकत्र करून ऐका. त्यात स्लाइड नाहीशी झाली तर तिची जागा चुकली आहे.

तिसरी गोष्ट स्लाइड आणि गळा यांच्या भांडणाची. दोघांनाही हवी असते एक ते चार हजार हर्ट्झमधली तीच जागा. इक्वलायझरने दोघांना थोडं थोडं छाटता येतं, पण माझ्या मते तो पंच काही कामाचा नाही. गाताना स्लाइड गप्प. ओळ संपली की ती बोलेल. आमच्या इंदूरच्या उस्ताद अमीर खाँ साहेबांचा अतिविलंबित झूमरा ऐका, दोन स्वरवाक्यांच्या मध्ये ते किती थांबतात. गाडीत त्या थांबण्याच्या जागेत रस्ता स्वतः वाजतो, आणि तो फुकट मिळतो. मी पहिल्या मांडणीत असलेले स्लाइडचे बरेच तुकडे काढून टाकले, तेव्हा कुठे उरलेले ऐकू यायला लागले.

रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमारा, फार नको. मोकळा रस्ता म्हणून मोठ्या सभागृहाचा घुमारा टाकायचा मोह होतो, पण बंद गाडीत त्याचा चिखल होतो. शंभर मिलिसेकंदांच्या आसपासचा एकच पडसाद पुरतो. मोठे आवाज दाबणारा कॉम्प्रेसर तीनास एक, आणि झडप घालायला त्याला वीस-तीस मिलिसेकंद उशीर करू द्या, नाहीतर नळी तारेला भिडण्याचा आवाजच खाऊन टाकतो. हळू कडवं गाडीत बुडतं, तेव्हा ते हाताने वर उचला. शेवटी सगळं लिमिटरखाली दाबून सपाट करू नका. स्ट्रीमिंगवर तसंही बऱ्याच ठिकाणी गाणी उणे १४ एलयूएफएसच्या (हे कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) जवळ आणून ठेवतात, तुमची दादागिरी तिथे चालत नाही.

परीक्षा गाडीतच घ्यायची. आधी उभ्या गाडीत, इंजिन बंद. मग इंजिन चालू. मग राऊकडे जाताना, काचा वर आणि मग खाली. चालवायला दुसऱ्याला बसवा आणि टिपणं तुम्ही घ्या. घाटात परीक्षा घेऊ नका. गणपती घाटाचा उतार सगळ्यांना माहीत आहे, तिथे लक्ष ब्रेककडे असलेलं बरं. खलघाटच्या पुलावर मात्र जरूर ऐका. पुलाच्या सांध्यांवर चाकं ठक्-ठक् करतात, आणि वेग जुळला तर ती ठक्-ठक् पाटाच्या ठेक्यावर येते. दरवेळी येत नाही. आली की पुढच्या सीटवरचा माणूस मागे वळून बघतो.

तर आता तेच गाणं लावतोय. पाटासकट. गाडीत ऐकत असाल तर आवाज जरा कमीच ठेवा भिया, मागच्याचा हॉर्न ऐकू यायला हवा.

(गाणं)