पराटीवरचा ड्रोन : घेण्याआधीचा हिशेब

नमस्कार, शेतकरी बंधू-भगिनींनो. पराटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारणीचा ड्रोन घ्यावा की नाही, हा प्रश्न सध्या विदर्भातल्या अनेक बचत गटांच्या बैठकींत निघतो आहे. केंद्र सरकारच्या नमो ड्रोन दीदी योजनेत महिला गटाला किमतीच्या 80 टक्के, कमाल 8 लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद असल्याने यंत्र परवडेल का, ही चिंता हलकी होते. ते आपल्या शिवारात चालेल का, हे मात्र आपल्यालाच तपासावे लागते.

ड्रोनची बाजू भक्कम आहे, यात शंका नाही. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. डोक्याएवढ्या वाढलेल्या पराटीत पाठीवर पंप घेऊन शिरले की औषध तोंडावरच येते. ड्रोन चालवणारा धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा असतो. झड उघडल्यावर काळ्या वावरात पाय ठेवता येत नाही, तेव्हाही त्याचे काम होते.

मात्र येथे धोका संपत नाही, तो दुसऱ्याकडे सरकतो. पाठीवरच्या पंपाने कपाशीला एकरी 150 ते 200 लिटर पाणी लागत असेल, तर ड्रोन साधारण 10 लिटरमध्ये तेवढेच औषध टाकतो. म्हणजे द्रावण कितीतरी तीव्र आणि थेंब बारीक. वारा फिरला आणि ते शेजारच्या तुतीवर पडले, तर तो पाला खाणाऱ्या रेशीम अळ्या हातच्या जातात, आणि गावात भांडण उभे राहते ते वेगळेच. दाट पराटीत पानांच्या खालच्या बाजूला बसलेल्या तुडतुड्यांपर्यंत वरून पडलेले औषध पोहोचते का, हे पान उलटून पाहिल्याशिवाय कळत नाही.

प्रात्यक्षिकात एक एकर दहा मिनिटांत आटोपतो, म्हणून दिवसाचे एकर त्या वेगाने मोजू नयेत. दोन-दोन एकरांची विखुरलेली वावरे, धुऱ्यावरची बाभूळ, विजेच्या तारा, दुपारचा वारा आणि बॅटऱ्या बदलण्यात जाणारा वेळ धरला, तर त्याच्या निम्मे काम झाले तरी पुष्कळ समजावे. 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे नोंदणी, प्रमाणपत्रधारक चालक आणि विमा आवश्यक आहे. प्रशिक्षण एकीलाच दिले आणि ती ऐन हंगामात बाळंतपणाला माहेरी गेली, तर ड्रोन घरातच राहील. ही जोखीम प्रकल्प अहवालात सहसा कोणी लिहीत नाही.

माझ्या मते, गटाने पहिला खरीप भाड्याच्या ड्रोनवर काढावा. किती एकर झाले, किती दिवस वाऱ्याने वाया गेले, चार्जिंगसाठी जनरेटर किती चालला, उधारी किती राहिली, हे रोज वहीत लिहावे. त्या एकरांच्या भाड्यातून कर्जाचा हप्ता, चालकाची मजुरी आणि नव्या बॅटऱ्यांचे पैसे निघत असतील, तरच अर्ज करावा.